ड्रोन मला हवाय, मिस्टरांना नाही

आत्ताच कॅमेऱ्याच्या दुकानातून तणतणत घरी आलेय.

निफाडच्या द्राक्षबागा, सिन्नरचे कारखाने वरून शूट करणं हे माझं रोजचं काम. जुना ड्रोन थकला, म्हणून नवा बघायला गेले. विचारलं, "सिन्नरच्या वाऱ्यात हा स्थिर राहील का?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हा छोटा बास. रील्स मस्त होतात. मोठा घ्यायचा तर मिस्टरांना घेऊन या, उडवणार तेच ना?"

माझ्या मिस्टरांना साधा पतंग उडवता येत नाही. संक्रांतीला गच्चीवर पतंग माझ्या हातात असतो, ते मागे मांजाची आसारी धरून उभे असतात.

वाऱ्याबद्दल तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. नाशिककरांनो, बाईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाईलाच देणारं एखादं दुकान माहीत आहे का?