माफीपासून सुरू होणारं इंग्रजी

निजामाचं राज्य गेलं आणि उमरग्याच्या कचेरीतले कारकून गप्प झाले. त्यांची सारी हयात उर्दूत गेलेली. नवा साहेब मद्रासकडचा होता. त्याला उर्दू येत नव्हती, मराठीही नाही. तो एकेकाला समोर बोलावून कामाचं काहीतरी इंग्रजीत विचारायचा. ज्याला उत्तर जमलं नाही तो घरी बसायचा.

आमच्या शेजारचे चाचा पहिले घरी बसले. माझ्या मालकांना कचेरीचं काम त्यांनीच शिकवलं होतं. आता ते दारातल्या बाजेवर बसून दिवसभर रस्त्याकडं बघायचे. मालक त्यांच्या दारावरून येईनात. मागच्या बोळातून घरी यायचे.

चाचांचं घर त्यांचं स्वतःचं होतं, आमची खोली सरकारी. घरात म्हातारी सासू, माझ्या पोटात पहिलं मूल, गावाकडं जमीन नाही. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मालकांनी सोलापूरहून इंग्रजी शब्दांचं पुस्तक मागवलं. पहाटे मी भाकरी थापायला बसले की ते चुलीच्या उजेडात घोकायला बसत. मी चौथी शिकलेली, तरी ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. ‘ॲब्सेंट’ म्हणजे गैरहजर. ‘पेंडिंग’ म्हणजे पडून राहिलेलं. ‘डिसमिस’चा अर्थ मी विचारला नाही.

शब्द झाले, मग वाक्प्रचार सुरू झाले. त्यांचं जेवण कमी झालं. चालताना ओठ हलायचे. सासू म्हणाली, “काय रे, कुणाला मंतरतोस?”

“साहेबाला, आई.”

“त्यो मंतरायच्या आधी तूच वाळून चाललास.”

मी म्हटलं, “एवढं लांबडं कशाला? विचारलं तेवढंच सांगा की.”

“हाकिमाला एका शब्दात उत्तर देतेत व्हय? गाडीवान हाय का मी?”

जुन्या कचेरीची रीतच तशी होती. हाकिमापुढं गेलं की चांगली बातमी असली तरी आधी माफी मागायची, मग त्याची तारीफ करायची आणि मग कामाचं बोलायचं. चाचांनी त्यांना तेच शिकवलं होतं. ते उर्दूत असं बोलायचे की जुना हाकीम मान डोलवायचा. तीच अदब त्यांनी इंग्रजीत बांधायला घेतली. पुस्तकातले गोड वाक्प्रचार निवडून एकापुढं एक लावले.

त्यांची पाळी आली त्या दिवशी ऊन फार होतं. साहेबानं टेबल कचेरीच्या अंगणात लिंबाखाली लावलं होतं. आमच्या खोलीची खिडकी त्याच अंगणाकडं उघडायची. मी फट ठेवून उभी राहिले. रांगेत कुणी खोकतही नव्हतं.

साहेबानं मान वर न करता विचारलं, “ब्रिज फाईल सेंट?” पुलाची फाईल पाठवली का, एवढंच. मलासुद्धा कळलं.

मालक वाकले. “सर, विथ फोल्डेड हँड्स, आय बेग युवर पार्डन.”

साहेबानं मान वर केली. मालक पुढं बोलत राहिले. फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट. युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट. एक शब्द चुकला नाही. मी मनात बरोबरीनं म्हणत होते. प्रत्येक वाक्याला साहेबाचं तोंड बदलत होतं. हा माणूस गुन्हा केल्यासारखा माफी मागतोय, हे त्याला दिसत होतं.

“येस ऑर नो?” साहेब ओरडला.

हाकीम रागावला की पुन्हा माफीपासून सुरुवात करायची, हीही रीतच. मालकांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

साहेबानं हातानंच त्यांना बाजूला केलं आणि शिपायाला काहीतरी सांगितलं. मागच्या कारकुनाला पुढं बोलावलं. त्याला काहीतरी विचारलं, तो “येस सर” म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

मालक घरी आले, पाय धुतले, भिंतीला टेकून बसले. सासूनं विचारलं, “फाईल धाडली नव्हतीस व्हय?”

“मागच्याच सोमवारी धाडली, आई.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगतच होतो. तिथवर यायचं होतं अजून.”

शिपाई खोली रिकामी करायचा हुकूम घेऊन येईपर्यंत मी भांडी गोणीत भरून ठेवली होती.