जिंकली की आजारी

“मॅडम, ही हरली की ठणठणीत असती. जिंकली की आजारी! नजर न्हाय तर काय हाय सांगा की!”

दस्तगीरभाई माझ्या टेबलावर हात आपटून बोलत होते. हुपरीत घरीच पैंजण घडवणारा माणूस. शेजारी त्यांची लेक रेश्मा नाक पुसत बसलेली. रेश्मा सायकलच्या शर्यती मारते. जिल्ह्याची शर्यत जिंकून दोन दिवस होत नाहीत तोच ताप आणि सुजलेला घसा. गेल्या वर्षी याच दुखण्यापायी तिची राष्ट्रीय शिबिराची ट्रायल हुकली होती. आता राज्याची शर्यत तोंडावर आली होती आणि तिच्या मागोमाग पुन्हा ट्रायल. वयोगटातली ही तिची शेवटची संधी.

कोल्हापुरात डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं खेळाडू तपासते. नजर आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. पण बापाचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. घरच्यांचं निदान चुकतं, निरीक्षण सहसा चुकत नाही.

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. मग भाईंना बाहेर बसवलं.

“पाळी येते का वेळेवर?”

“दोन महिनं न्हाय आली,” रेश्मा खाली बघत म्हणाली.

“आणि जेवण?”

“चढाला वजन नडतंय, मॅडम. रात्री नुसतं ताक पिते.”

माझं डोकंच फिरलं. एवढे कष्ट आणि पोटात ताक! खाणं कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं. मुलींमध्ये ती आधी पाळीत दिसते, मग रोगाशी लढायची ताकदही उणी पडू शकते. तिला बायकांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली आणि रात्रीची भाकरी, डाळ, अंडी सक्तीची केली. पण उपाशी तर ती हरतानाही असायची. मग जिंकल्यावरच का?

“जिंकल्यावर काय करतेस गं?”

“काय न्हाय. मिरवणूक असती.”

अगं बाई! उघडी जीप, हलगी, नाकातोंडात गुलाल. आख्खी गल्ली आपल्या हातानं पेढा भरवणार, त्यात निम्मे शिंकणारे. वर जागरण. हरली की मात्र गुपचूप घरी येऊन झोपायची.

जिवाच्या आकांतानं सायकल मारल्यावर काही तास, कधी एखादा दिवस, प्रतिकारशक्ती मंदावते असं पुष्कळ तज्ज्ञ मानतात. काही म्हणतात, दोष गर्दीचा, प्रवासाचा आणि जागरणाचा. रेश्मासाठी मला हा वाद सोडवायची गरज नव्हती. दोन्ही कारणं एकाच जीपमध्ये बसत होती.

भाईंना आत बोलावून सांगितलं, या वेळी मिरवणूक नाही.

“गल्ली तोंडात शेण घालंल की माझ्या! पोरीला माज आला म्हणतील!”

“मग ट्रायल नको?” मीही आवाज चढवला. “कौतुक करा, पण तिला आधी निजू द्या.”

“भाड्याची जीप सांगितल्याशिवाय ऐकायची न्हाईत वो गल्लीतली पोरं.”

“मग सांगा जीप. तुम्ही बसा तिच्यात!”

रेश्मा राज्यात पहिली आली. तिची मावशी पेठ वडगावला असते. रेश्मा शर्यतीवरून थेट तिच्याकडे गेली, पोटभर जेवली आणि झोपली. हुपरीत जीप निघाली ती गळ्यात लेकीचं मेडल घातलेल्या दस्तगीरभाईंची.

दोन दिवसांनी भाई दवाखान्यात हजर. डोळे लाल, घसा पार बसलेला, अंगात ताप.

“रेश्मा?” माझा जीव टांगणीला लागला होता.

“ठणठणीत हाय,” ते कसंबसं म्हणाले आणि खोकत खोकत हसायला लागले. “मॅडम, औंदा नजर मलाच लागली बघा!”

रेश्मा ट्रायलला गेली आणि निवडली गेली. तिची पाळी सुरळीत व्हायला अजून काही महिने लागले.

तेव्हापासून प्रत्येक खेळाडूच्या आईबापांना मी एकच सांगते. जिंकून आलेल्या पोरीला आधी जेवण द्या, मग झोप द्या. कौतुक चार दिवस ठेवलं तरी नासत नाही.