आधी अक्षर, मग किल्ली!

"माहेरच्या पाटीवर माझं अक्षर कुठंय? आधी अक्षर, मग किल्ली!"

यमुनाआत्या अशी कडाडली, की शेजारच्या मळ्यातली मोटर बंद पडली. (वीज गेली असेल, पण आमच्या घरात श्रेय आत्यालाच.)

शहाण्णव-सत्याण्णवची गोष्ट. आत्यानं मायेनं दिलेल्या शेडमध्ये मी द्राक्षांसाठी पुठ्ठ्याच्या पेट्यांचा कारखाना काढला होता. त्या काळी नाशकात ज्याच्या कंपनीचं नाव इंग्रजी अक्षरांत नाही, त्याला बाकीचे कारखानदार चहासुद्धा विचारत नसत! म्हणून वडील भास्कर, आई सुशीला, थोरला दिलीपदादा आणि मी जयंत मिळून 'बी.एस.डी.जे.'. काय वजन होतं नावाला! उद्घाटनाच्या आदल्याच आठवड्यात दोघंजण सरकारी कचेरी समजून सातबारा घेऊन आले होते.

उद्घाटनाला सगळे पाहुणे जमले. पेंटर स्टुलावर चढून पाटीवर शेवटचा हात फिरवत होता. वहिनीनं पाटी मोठ्यानं वाचून कोणतं अक्षर कुणाचं ते समजावलं आणि आत्यानं शेडला कुलूप घातलं. पहिल्या ऑर्डरच्या पेट्या आत! दारात चांदवडच्या पांडूभाऊंचा टेम्पो उभा.

"ओ शेठ, पहाटंपासून माल तोडून पडलाय! पेट्या द्या, नायतर मनुके झाले समजा!"

"पेंटर, आत्याचा वाय घाला!" मी ओरडलो.

वाय पडला. आत्यानं किल्ली कनवटीतून काढली, तेवढ्यात दादाचे सासरे नामदेवतात्या खाकरले. "आमचं काही नाही हो. व्याह्यांना कोण विचारतं?"

आत्यानं किल्ली परत खोचली. "आधी व्याह्यांचं अक्षर. माझ्या दारात व्याही रुसायला नको."

एन पडला. मग आमचे जावई केशवराव चपला घालू लागले. जावयानं चपला घालणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको!

"के! के घाला!" आई किंचाळली.

"पाटी संपली," पेंटर स्टुलावरून म्हणाला. "के पाहिजे तर एक पुसावं लागंल. कुणाचं पुसू?"

खाली जो तो आपापल्या अक्षराकडे डोळे वटारून उभा.

"शेठ, चाललो मी विंचूरला! तिथं पेटीवर निस्तं द्राक्ष छापत्यात!" पांडूभाऊंनी टेम्पो सुरू केला.

मी टेम्पोच्या पुढं आडवा झालो. अक्षरशः! हातापाया पडलो, पेढा भरवला, "दोन मिनिटं, भाऊ!" म्हणत स्टेअरिंगच धरून बसलो. तेवढ्यात मागं कुलूप उघडल्याचा आवाज आला. सगळ्या पाहुण्यांनी हातोहात पेट्या चढवल्या. केशवरावांनी तर चपला काढून! टेम्पो धूळ उडवत गेला. द्राक्षं वाचली, कारखाना वाचला. सगळं गणगोत एका रांगेत, घामानं थबथबून हसतंय, असं दृश्य पुन्हा काही दिसलं नाही.

मी कौतुकानं पाटीकडं पाहिलं. बी.एस.डी.के.वाय.एन. पुन्हा बोटानं मोजलं.

"आत्या... माझा जे?"

आत्या पदरानं घाम पुसत म्हणाली, "तू मालक ना रे? मालकाला कसला आलाय मान?"