वाचून सही करावी

बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात कुकरमधल्या भाताची प्रकृती लेखी कळवणारा एकच माणूस राहतो, आणि तो माझा नवरा आहे. हे मी कौतुकाने सांगते की तक्रारीने, ते माझं मलाही अजून ठरवता आलेलं नाही. आमचं लग्न झालं तेव्हा तो नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होते. लोक लग्नानंतर महाबळेश्वरला जातात. आमच्यात रविवारी बुद्धवंदना झाली, फोटो झाले, जेवणं झाली आणि सोमवारी सकाळी तो वॉर्डात गेला नि मी लायब्ररीत.

माझ्या पप्पांचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये शिवणकामाचं छोटं दुकान आहे. शिक्षण या विषयावर ते कुणाचंही ऐकून घेत नाहीत. आम्ही दोघांनी घरी सांगितलं तेव्हा त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लग्न करा, माझी ना नाही. पण दोघांतलं एक जरी नापास झालं ना, तर पोरगी परत इकडे. पास झालात की घेऊन जा." नवऱ्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, "पप्पा, मी नापास झालो तर मी पण इकडेच येऊ का?" पप्पा म्हणाले, "तुम्हाला जागा नाही." पप्पा थट्टा करत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे मी तेव्हा हसले नाही. वर्षभर ती अट आमच्या खोलीत तिसऱ्या माणसासारखी राहत होती.

खोली अंबरनाथ पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण, सिंधी आंटी. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. या तिन्ही गोष्टींवर माझ्या नवऱ्याने आपली सगळी विद्या आजमावली. पलंगाची चादर तो इस्पितळात शिकवतात तशी घालायचा, कोपरे पाकिटासारखे दुमडून, चारी बाजूंनी घट्ट खोचून. मी झोपले की पांघरुणही तसंच खोचायचा. पाकिटात घातलेल्या पत्रासारखी मी पडून राहायची. कूस बदलायची तर आधी एक हात सोडवावा लागे. माझी आई एकदा भेटायला आली आणि दमून पलंगावर बसली, तर हा तिच्या बाजूला उभा राहून सुरकुतीकडे इतक्या दुःखाने बघत राहिला की ती बिचारी उठून खुर्चीवर जाऊन बसली.

बँडेजचं प्रकरण याहून वाईट. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली तसे टेबलाचे चारही पाय पांढरे झाले. मग लाटणं, मग पाण्याचा माठ आणि मग मी. "फक्त डोक्याचं राहिलंय, दोन मिनिटं बस," असं म्हणून त्याने एका सकाळी माझं डोकं कानांसकट बांधलं आणि घड्याळ बघून ड्युटीला पळाला. मी ते सोडायला विसरले आणि तशीच दुधाची पिशवी घ्यायला खाली गेले. आंटीने मला बघितलं आणि तिच्या हातातली चाळणी खाली पडली. "बेटा, क्या हुआ? मारा क्या उसने? सच बोल, मी आहे ना!" मी समजावलं, पण तिचा विश्वास बसेना. दुपारी हा परत आला तेव्हा ती जिन्यातच कमरेवर हात ठेवून उभी होती. पुढे काय झालं ते मी वरून ऐकलं. पाच मिनिटं आंटीचा आवाज, मग दोन मिनिटं ह्याचा, मग शांतता. खाली जाऊन बघते तर आंटी पायरीवर बसलेली आणि हा तिच्या दुखऱ्या गुडघ्याला पट्टी गुंडाळतोय. त्या दिवसापासून ती त्याची भक्त झाली. दर रविवारी ब्लडप्रेशर मोजून घ्यायला वर यायची आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणायची, "हिरा है तेरा घरवाला, हिरा. थोडा खिसका हुआ है, पण हिरा."

त्याच्याशी भांडणं तर अशक्यच होतं. मी चिडले की तो माझं मनगट धरायचा. "थांब, आधी नाडी बघू दे." मग घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचा. "एकशे दहा. हं, आता बोल." एका मिनिटात माणूस काय बोलणार होता ते विसरतो. मी तरी विसरायची.

पण या सगळ्यावर कडी होती ती वहीची. त्याची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. माझं कॉलेज, लायब्ररी आणि संध्याकाळच्या शिकवण्या. आठवड्यातले चार दिवस आमची गाठ जिन्यात पडायची, तीही एकाच्या हातात डबा आणि दुसऱ्याच्या तोंडात पोळी असताना. तेव्हा वॉर्डात एक परिचारिका जाताना दुसरीला जसा रुग्णांचा ताबा लिहून देते, तसा तो मला घराचा ताबा लिहून द्यायला लागला. ओट्यावर लांबलचक वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन. 'भात: तीन शिट्ट्या, प्रकृती स्थिर. दूध: सकाळी नासले, सर्व उपाय करूनही वाचवता आले नाही. इडलीचे पीठ: निरीक्षणाखाली, फुगण्याची लक्षणे नाहीत. गॅस: अत्यवस्थ, नातेवाइकांना कळवावे.' खाली त्याची सही, वेळ आणि माझ्या सहीसाठी रिकामी जागा. वर लाल शाईत कायमची सूचना: 'वाचून सही करावी.'

मी वाचत नसे. खरं सांगते, पहिले आठ-दहा दिवस वाचलं, हसले, मग अभ्यासाच्या गडबडीत नुसती सही ठोकून झाकण उघडून बघायची. झाकण उघडल्यावर भात दिसतोच की. त्याला संशय आला आणि एका शनिवारी त्याने लिहिलं, 'पुढील सात दिवस भांडी पत्नी घासेल. मान्य.' मी सही केली. रविवारी त्याने वही माझ्यासमोर धरली आणि मी सात दिवस भांडी घासली. तरीही सुधारले नाही.

आणि मग माझी शेवटची परीक्षा आली. परीक्षेच्या दिवसांत मी माझा मोबाइल त्याच्या ताब्यात दिला होता, कारण तो माझ्या हातात असला की अर्थशास्त्र मागे पडून मैत्रिणींच्या लग्नांचे फोटो पुढे यायचे. शेवटचा पेपर दुपारी अडीचला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी मी शिकवणीला गेलेली असताना कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला की पेपर सकाळी साडेदहाला होईल. नवऱ्याला रात्रपाळीला निघायचं होतं. त्याने वहीत लिहिलं, ठळक, खाली दोन रेघा मारून. मी आले, सही केली, झाकण उघडलं, भात खाल्ला आणि अभ्यासाला बसले.

सकाळी सव्वानऊला मी डोक्याला भरपूर तेल चोपडून निवांत चहा पीत होते. दारावर थापा पडायला लागल्या. दार उघडलं तर आंटी, धापा टाकत, गुडघा धरून. "पेपर साडेदस का है! तुझा घरवाला काल जाताना बोलून गेला, आंटी, सही किया होगा, पढ़ा नहीं होगा, सुबह एक बार देख लेना. चल, उठ!" मी वहीकडे धावले. दोन रेघा, आणि त्यांच्याखाली माझी ऐटबाज सही. डोळ्यांसमोर पप्पांची टेप आली, माहेरचं दार आलं आणि पाकिटासारख्या घातलेल्या चादरीवर एकटा झोपणारा हा आला. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की या वेड्या माणसाशिवाय मला एक दिवससुद्धा कुठे राहायचं नाहीये. आंटीने गाऊनवरच ओढणी घेतली, रस्त्यात उभी राहून रिक्षा अडवली आणि रिक्षावाल्याला अशा आवाजात "उल्हासनगर, कॉलेज, जल्दी" म्हणाली की त्याने वाटेत एकदाही कुणाला बाजू दिली नाही. तेल गळणाऱ्या डोक्याने मी पेपर लिहिला.

घरी आल्यावर मी त्याला रागानेच म्हटलं, "आंटीला सांगून गेलास. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे ना," तो माझं मनगट धरत म्हणाला. "तू वाचणार नाहीस यावर पूर्ण विश्वास होता."

आम्ही दोघेही पास झालो. पप्पा पेढे घेऊन आले, पलंगाच्या अगदी कडेला बसले आणि उठताना स्वतःच्या हाताने चादरीची सुरकुती नीट केली. ते बघून माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तो एका मोठ्या इस्पितळात आहे, मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, आणि येत्या महिन्यात आम्ही बदलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये जातोय. आता वही नाही. मोबाइलवर 'निघालो' येतं, 'पोचले' जातं, आणि भाताची प्रकृती कुणी कळवत नाही. परवा सामान बांधताना त्या जुन्या वह्या सापडल्या, तशी मी खोक्यांमध्येच फतकल मारून वाचत बसले. किती हसले सांगू! मग लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यातलं एक पान आलं. 'डाळ: ठीक. कुकरचे रबर: सैल. पती: चार दिवस पत्नीशी धड बोलणे नाही, फार आठवण येते. औषध दिलेले नाही. पुढच्या ड्युटीने कृपया लक्ष द्यावे.' खाली माझी सही, वेळ सहा पंचवीस.

मग सुतळीचं पेन शोधलं, ते उमटेना, म्हणून पर्समधलं काढलं. त्या सहीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'आज वाचलं. लवकर घरी ये.' वही ओट्यावर, कुकरच्या शेजारी, उघडी ठेवली आणि त्याच्या सहीसाठी खाली जागा सोडली.