पथारीचं फाटक

"ओ बाई, पदर झटक."

पथारीच्या फाटकावर बसलेली बाई मला हे म्हणाली तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची होते. माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत अकरा अर्ज, दोन पेनं आणि वाचायचा चष्मा. माझ्या पुढे आणि मागे मिरचीचे देठ खुडून दमलेल्या बायकांची रांग होती. संध्याकाळचे सहा वाजले होते.

मी पदर झटकला.

हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. मी नाही म्हटलं नाही. मी कोण आहे तेही सांगितलं नाही. पिशवी खाली ठेवली, तोंडाला बांधलेला पदर सोडला, दोन्ही टोकं धरून दोनदा झटकला, आत मिरची लपवलेली नाही हे दिसावं म्हणून पिशवीचं तोंड उघडून दाखवलं आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी राहिले. मला काही शिकवावं लागलं नाही. साठ वर्षांनंतरही हातांना सगळं येत होतं.

ईशा, रोहन, पथारी तुम्ही पाहिली आहे. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात ती जागा. तुम्ही लहान होतात. आपण गाडीतून जात होतो आणि रोहनने विचारलं होतं, "आजी, जमिनीला लाल रंग कुणी दिला?" मग सगळ्यांना ठसका लागला आणि तुमच्या बाबाने काचा वर केल्या. त्या लाल रंगात मधे मधे निळे-हिरवे ठिपके दिसत होते. त्या बायका होत्या. दिवाळीपासून होळीपर्यंत त्या तिथे बसून मिरचीचे देठ खुडतात. तेव्हा मी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "काचा घट्ट लावा."

त्या दिवशी मी तिथे जमनासाठी गेले होते. जमना माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. भिलाटीत, आमच्या भिल वस्तीत राहते, बावीस वर्षं पथारीवर जाते. तिच्या सरिताला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळतो आहे. कामगार कार्यालयात नोंद झालेल्या बाईच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळते. नोंदीसाठी एकच गोष्ट हवी होती. ही बाई माझ्याकडे काम करते, एवढ्यावर मालकाची सही. जमनाबरोबर आणखी दहा जणींनी अर्ज भरून घेतले होते. भरले मी. माझं अक्षर चांगलं आहे.

अर्ज भरताना मी प्रत्येकीला विचारलं, "काय काम करतेस?" अकरापैकी नऊ जणी म्हणाल्या, "काही नही." मग मी विचारलं, दिवसभर कुठे असतेस? "पथारीवर जास." त्यांच्या हिशेबी ते काम नव्हतं. काम म्हणजे नोकरी, काम म्हणजे शाळेतला शिपाई, बसचा कंडक्टर. पथारीवर नुसतं जायचं असतं. बाहेरून कुणी माहिती घ्यायला आलं की त्या हेच सांगतात आणि तो माणूस तेच लिहून घेतो. काही नाही.

मी गेले तेव्हा मालक नव्हता. मी जमनाशेजारी बसून अर्जातली नावं पुन्हा तपासली. ठसका लागू नये म्हणून तोंडाला पदर बांधला होता. सहा वाजता सगळ्या उठल्या तशी मीही उठले आणि रांगेतून फाटकापर्यंत आले. बाकी वर लिहिलं आहे.

मी हात लांब धरून उभी असतानाच मालक मोटारसायकलवरून आला. विजय. मी त्याला तीन वर्षं इंग्रजी शिकवलं आहे.

"अगं, कुणाला झटकायला लावतेस? आमच्या मॅडम आहेत ह्या!"

फाटकावरची बाई उठून उभी राहिली. "माले काय मालूम, शेठ. ह्या बायासारखीच दिसनी."

विजय माझ्या पाया पडला. तिथेच, सगळ्यांसमोर, लाल धुळीत. "सॉरी मॅडम. हिला माणूस ओळखता येत नाही."

माझ्या मागे जमना होती. तिने पदर झटकला, डबा उघडून दाखवला आणि ती बाहेर गेली. तिच्यामागून पुढची.

विजयने मला ऑफिसात नेलं. पंखा लावला, चहा मागवला. अर्ज बघितले आणि म्हणाला, "अजून किती सुंदर अक्षर आहे तुमचं." मग ते सगळे नीट एकावर एक ठेवून माझ्याकडे सरकवले.

"मॅडम, ह्या कामगार थोड्याच आहेत? घरच्यासारख्या येतात. मनात आलं तर येतात, नाही तर नाही. मी कुणाला बोलवायला जात नाही."

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलेल्या बाईला फाटक उघडत नाहीत, हे मला माहीत होतं. मी चहा प्यायले. चहा चांगला होता.

निघताना त्याने दोन किलो मिरची पुडक्यात बांधून दिली. "घरची आहे मॅडम. देठ काढलेली. तुम्हाला त्रास नको." ते पुडकं घेऊन मी त्याच फाटकातून बाहेर पडले. मला कुणी काही झटकायला सांगितलं नाही.

घरी येऊन मी पुडकं ओट्यावर ठेवलं. हात धुतले. जेवले. औषध घेतलं. मला राग आला नव्हता. रडूही आलं नव्हतं. दोन दिवस मी रोजच्यासारखी वागले. फक्त ते पुडकं उघडलं नाही.

आता आईबद्दल. तुमच्या पणजीबद्दल.

ती पथारीवर देठ खुडायची. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिते आहे. देठ खुडणाऱ्या बाईचे हात रात्रभर जळतात. ताक लावा, तेल लावा, काही होत नाही. आई हात गोधडीच्या बाहेर ठेवून झोपायची. मी रडले तर ती माझे डोळे कोपराने पुसायची, कारण बोटं डोळ्यांजवळ आणता येत नसत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्या आया कोपरानेच डोळे पुसतात.

मी नऊ वर्षांची असताना फाटकावर माझ्या झग्याच्या खिशातून चार मिरच्या पडल्या. चोरल्या नव्हत्या. चार सारख्या लांबीच्या होत्या, म्हणून मला आवडल्या होत्या. मला लहानपणापासून सारख्या वस्तू एका रांगेत लावायची सवय. त्या वेळच्या मुकादमाने त्या उचलल्या आणि आईच्या तळहातावर ठेवल्या.

"खा. तुन्ही पोरले भूक लागनी ना? मग तूच खा."

बायका उभ्या होत्या. मालक खुर्चीवर होता. तो हसला नाही, ओरडला नाही, त्याने मान वळवून दुसरीकडे बघितलं. आईने चारही मिरच्या खाल्ल्या. एकेक करून, चावून. तिला ठसका लागला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. मग तिने पदर झटकला आणि आम्ही घरी आलो.

घरी तिने मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी पथारीवर न जाता मला घेऊन ती वसतिगृहाच्या शाळेत गेली आणि बाईंसमोर हात जोडून उभी राहिली. तिथे मी इंग्रजी शिकले. सगळे म्हणायचे, भिलाची पोर आणि इंग्रजी बघा कशी बोलते. मला ते कौतुक वाटायचं.

बाविसाव्या वर्षी मी शिक्षिकेच्या नोकरीचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, आईचा व्यवसाय. मी वळणदार इंग्रजीत लिहिलं, हाउसवाइफ. तेव्हा आई पथारीवर होती. त्यानंतरही नऊ वर्षं होती. मला कुणी खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालला. पुढे प्रत्येक कागदावर तेच लिहिलं. तुमच्या आजोबांना तेच सांगितलं, तुमच्या बाबाला तेच. ईशा, तू शाळेसाठी वंशवृक्ष केलास आणि फोनवर विचारलंस, "पणजी काय करायची?" मी म्हणाले, "घर सांभाळायची." तू तिच्या नावाखाली होममेकर लिहिलंस, बाजूला फूल काढलंस. तो कागद तुमच्या भिंतीवर आहे. व्हिडिओ कॉलवर मला तो रोज दिसतो.

विजय सही देत नाही म्हणून मी दोन दिवस गप्प बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, की माझ्या आईला मीही सही दिली नव्हती. विजयने नाकारायच्या सत्तेचाळीस वर्षं आधी मी नाकारलं होतं. तेही चांगल्या अक्षरात.

मी पुडकं आणि अर्ज घेतले आणि पथारीवर गेले. सहा वाजता रांगेत उभी राहिले.

फाटकावरची बाई घाबरली. "मॅडम, तुम्ही जा ना पुढे. तुमले कोण अडवस?"

"माझा नंबर येऊ दे."

नंबर आला. मी म्हणाले, "मी पदर झटकणार नाही. माझ्याजवळ शेठची दोन किलो मिरची आहे. मला तुम्ही जाऊ देता. माझ्या मागे ही जमना, हिच्याजवळ रिकामा डबा आहे. हिला झटकायला लावता."

तिने शेठला हाक मारली. विजय ऑफिसातून आला. "मॅडम, काय झालं?"

"विजय, घरच्यांची झडती घेतोस का?"

"मॅडम..."

"तुझी बायको, तुझी आई. रोज संध्याकाळी पदर झटकतात?"

त्याचा चेहरा बदलला. "तुमचा मान ठेवतो म्हणून ऐकून घेतोय. लोक बघताहेत."

"बघू देत. झडती कामगारांची घेतात. घे, सही कर."

मी अर्ज पुढे केले. त्याने हात मागे घेतले. वर्गात गृहपाठ केला नसला की असेच मागे घ्यायचा. मी पुडकं फाटकावरच्या स्टुलावर ठेवलं आणि पदर न झटकता बाहेर पडले. माझ्या मागून जमना आली. तिने पदर कमरेला खोचला होता, तो सोडला नाही. तिच्यामागे आणखी चौघी तशाच आल्या. बाकीच्यांनी झटकला. मला त्यांचा राग नाही. मी एवढी वर्षं झटकतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाच जणींना फाटक उघडलं नाही.

जमना सरळ माझ्याकडे आली. दारातच बसली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"मावशी, तुले पेन्शन शे. माले काय शे?"

मी म्हणाले, "सरिताची फी मी भरते."

"भीक नको माले. सही पायजे." मग म्हणाली, "तू पहिल्या दिवशी झटका ना पदर? मी मागेच उभी व्हती. माले वाटनं, मॅडम व्हईसन काय फायदा?"

तिचं खरं होतं. ती पाणी प्यायली आणि गेली. आता ती दुसऱ्या पथारीवर जाते, गावाच्या पलीकडच्या टोकाला. जायला-यायला दोन तास चालते. तिथेही फाटक आहे. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या मुकादमाला सांगितलं, "खुडसू. झटकाव नही. ठेवनं तं ठेव." हंगाम आहे, हातांची गरज आहे, म्हणून ठेवली आहे. होळीनंतरचं माहीत नाही.

अकरा अर्ज मी सहीशिवाय कामगार कार्यालयात दिले. साहेबांनी परत केले. "मालकाची सही नाही." मी घरी आणून मालकाच्या सहीच्या जागी लिहिलं, मालक सही देत नाही, पण रोज झडती घेतो. खाली माझं नाव, माझी सही. पुन्हा दिले. पुन्हा परत आले. मी पुन्हा नेले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या." मी म्हणाले, "शिकले आहे म्हणूनच सोमवारी परत येईन." सरिताच्या कॉलेजची मुदत महिनाअखेरची आहे. तोपर्यंत होईल असं मला कुणी सांगितलेलं नाही.

विजयने परवा निरोप पाठवला, मॅडमनी फाटकावर येऊ नये, बरं दिसत नाही. मी रोज जाते. आत जात नाही. सहा वाजता समोरच्या रस्त्यावर उभी राहते, तोंडावरचा पदर काढून. माझा चेहरा माझ्या आईचा आहे. प्रत्येक बाई पदर झटकताना माझ्याकडे बघते. काल सात जणी न झटकता बाहेर आल्या.

ईशा, भिंतीवरचा तो कागद काढ. पणजीच्या नावाखालच्या शब्दावर काट मार. खोडरबर वापरू नकोस, काट दिसू दे. वर लिही, मिरची कामगार, एकतीस वर्षं. आणि माझ्या नावाखाली शिक्षिका लिहिलं आहेस, ते राहू दे. त्याच्यापुढे लिही, कामगाराची मुलगी. कुणी विचारलं तर सांग, आजीने सही दिली आहे.

साडेपाच झाले. मला निघायला हवं.