हजेरी फक्त मुलीपुरती

मोंटानातल्या एका लहान गावात शाळेच्या स्वयंपाकघरात व्हर्लीन स्टोकी चौदा वर्षं राबत होती. दीडशे पोरांना रोज जेवू घालायची, पण स्वतःची सात वर्षांची कोरी तिच्यापाशी नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत नवरा, ड्वेन, मुलीला ओक्लाहोमात आपल्या भावाकडे घेऊन गेला. "शाळा उघडायच्या आत येतो," म्हणाला, आणि आलाच नाही. पुढच्या महिन्यात, नाताळला, असं करत आठ महिने गेले. मग तिथल्या कोर्टाचं समन्स आलं. घटस्फोट, मुलीचा ताबा आणि घराची वाटणी.

घर व्हर्लीनला आईकडून मिळालेलं. तिचा भाऊ आर्लो ट्रक चालवायचा, जग बघितलेला. त्याच्या शब्दाबाहेर ती जात नसे. समन्स वाचून तो उसळला.

"अजिबात जायचं नाही! तू त्या राज्यात कधी पाऊल तरी टाकलंयस? मग त्यांचा तुझ्यावर काय हक्क? एकदा हजर झालीस की सापडलीस. घर गेलंच समज."

"आणि कोरी?"

"अगं, तू गेलीच नाहीस तर खटला चालेल कसा?"

ती गेली नाही. सुनावणीच्या दिवशी शाळेत बटाटे सोलत बसली.

खटला चालला. ताबा ड्वेनला मिळाला. घराबद्दल निकालात काहीच नव्हतं.

निकाल घेऊन ती प्रुइट वकीलबाईंकडे गेली.

"घरावर हात टाकायला कोर्टाचा तुमच्यावर अधिकार लागतो, तो तिथल्या कोर्टाकडे नव्हताच," बाई म्हणाल्या. "मुलीसाठी तो लागत नाही. ती सहा महिन्यांवर तिथे राहिली, तेवढं पुरतं."

"मी गेले असते तर?"

"ताब्यापुरती हजेरी लावता येते. तेवढ्यानं घर धोक्यात येत नाही, कायद्यातच आहे. कदाचित कोर्टानं तुमचं फोनवरूनही ऐकलं असतं. आणि पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे आला असतात, तर खटला इथेच चालला असता."

व्हर्लीननं निकालाच्या कागदाची घडी घातली. "म्हणजे जे जाणारच नव्हतं, ते मी राखत बसले."

बाईंनी फेरविचाराचा अर्ज केला. मुलगी तिथे रुळली आहे म्हणून तो फेटाळला गेला.

जूनमध्ये कोरी दोन आठवड्यांसाठी आली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मम्मी, मी घरी कधी जायचं?"

"हे घरच आहे ना गं?"

कोरी गोंधळली. "हे तुझं."

व्हर्लीननं मान हलवली आणि उरलेले दिवस मोजून सांगितले.