आटलेल्या म्हशीची नोंद

दुष्काळात आधी विहिरी आटतात असं शहरातल्यांना वाटतं. आमच्या येरमाळ्याकडं आधी म्हशी आटल्या. प्यायला पाणी होतं तेव्हाच चारा संपला होता.

मी तेव्हा धाराशिवला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. त्याआधीचं माझं शिक्षण म्हणजे चळवळीची पत्रकं लिहिणं आणि भिंतींवर चिकटवणं. सुट्टीला गावी आले, तर दूध सोसायटीत कॉम्प्युटर आलेला आणि दुष्काळ म्हणून सभासदांना पेंड वाटणं सुरू. माझ्या काकू पोतं घेऊन गेल्या आणि तसंच रिकामं घेऊन परत आल्या. यादीत नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हैसच नेली आणि सोसायटीच्या खिडकीच्या गजाला बांधली. मीही बरोबर गेले.

"बाई, म्हैस सोडा. कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"नाव न्हाय, पर म्हैस हाय न्हवं? तिलाच इचारा, कुणाची हाय ती."

मी आत जाऊन यंत्रात बघितलं. एकच तक्ता होता: तारीख, नाव, गाव, लिटर. सभासदाचं नाव फक्त दुधाच्या नोंदीत. दूध थांबलं, सोसायटीनं जुन्या नोंदी पुसल्या, त्यांच्याबरोबर माणूसही पुसला गेला. एका तक्त्यात एकाच गोष्टीची माहिती ठेवावी, हे मी परीक्षेत लिहून आले होते. ते का, हे इथं खिडकीशी उभं होतं, बरगड्या दाखवत.

मी भडकले. "म्हणजे ज्याच्याकडं चारा, त्याचंच दूध, त्याचंच नाव आणि पेंडही त्यालाच? ह्याला सहकार म्हणायचं?"

"भाषण पत्रकात छाप. यंत्रात काय बदलायचं ते सांग," सेक्रेटरी म्हणाले.

"दोन तक्ते करा. एक सभासदांचा: नंबर, नाव, गाव. दुसरा दुधाचा: तारीख, लिटर आणि सभासदाचा फक्त नंबर. दूध थांबलं तरी पहिल्याला हात लागणार नाही."

"नंबर कशाला? नाव चालंल की."

"देवीचं नाव ठेवलेल्या बाया गावात किती आहेत?"

ते हसले. "माझ्याच घरात दोन आहेत."

दुपारभर ते सभासदांच्या जुन्या रजिस्टरातून वाचत गेले, मी टाइप करत गेले. काकू म्हशीला वारा घालत सावलीत बसून होत्या. शेवटी प्रिंटर किरकिरला. काकूंचं नाव आलं, पुढं नंबर. पोत्यात पेंड पडली, तोंड बांधायच्या आत म्हशीनं त्यात तोंड घातलं.

"पोरी, म्हैस पुन्हा आटली तर नाव जाईल का गं?"

"न्हाय. तुम्ही सभासद आहात तोवर नाही."

"मंग म्या मेल्यावरच?"

"व्हय."

"मंग चालतंय," म्हणत काकूंनी गजाचं दावं सोडलं. म्हैस पोतं सोडायला तयार नव्हती.